हेलन केलरला शिकवायला किती हात लागले? ॲन सुलिव्हनबाईंची गोष्ट

हेलन केलरचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, तरी ही बाई कॉलेज शिकली, पुस्तकं लिहिली, जगभर फिरली. २००५ साली आलेला अमिताभ बच्चन आणि राणी मुखर्जी यांचा ‘ब्लॅक’ हा सिनेमा तिच्याच आयुष्यावरून सुचलेला. सिनेमात शिकवणारा पुरुष आहे. खऱ्या गोष्टीत मात्र शिकवणारी एक बाई होती, ॲन सुलिव्हन.

या बाईंना लोक चमत्कार करणारी म्हणतात. पण हे काम एकटीने झालेलं नाही. एका मुलीपर्यंत शब्द पोचवायला डॉक्टर, शाळा, बोलायला शिकवणाऱ्या शिक्षिका, आई-बाप असे कितीतरी हात लागले. हे हात जुळले तेव्हा हेलन पुढे गेली. सुटले तेव्हा त्याचा त्रास तिलाच झाला.

गरीबखान्यातलं बालपण

ॲनचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, फीडिंग हिल्स या गावी झाला. आई-वडील पोटापाण्यासाठी आयर्लंडहून आलेले. घरात अठराविश्वे दारिद्र्य. पाचेक वर्षांची असताना ॲनच्या डोळ्यांना खुपऱ्या झाल्या. नीट उपचार झाले नाहीत आणि नजर अंधूक होत होत जवळजवळ गेलीच. ती आठ वर्षांची असताना आई क्षयाने वारली. पुढे वडिलांनीही पोरांना वाऱ्यावर सोडलं.

फेब्रुवारी १८७६ मध्ये ॲन आणि तिचा धाकटा भाऊ जिमी यांची रवानगी ट्यूक्सबरी इथल्या सरकारी गरीबखान्यात झाली. म्हातारे, आजारी, वेडे ठरवलेले, बेवारस, सगळे एकाच ठिकाणी कोंबलेले. जिमीच्या कमरेच्या सांध्याला क्षय होता. काही महिन्यांतच तो तिथे गेला. ॲन दहा वर्षांची होती आणि आता तिला आपलं म्हणायला कुणी उरलं नाही.

आंधळ्यांसाठी शाळा असते, एवढं तिला तिथे कुणाकडून तरी कळलं होतं. एकदा तपासणीसाठी सरकारी मंडळी आली. पुढारी कोण हेही तिला धड दिसत नव्हतं. तरी ती घोळक्यात घुसली आणि मला शाळेत जायचंय म्हणून गयावया केली. तिचं ऐकलं गेलं. ऑक्टोबर १८८० मध्ये ती बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली.

चौदाव्या वर्षी बिगरी

चौदा वर्षांच्या या पोरीला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. वर्गातल्या मुली हसायच्या. ही तापट, उलट बोलणारी. शाळेतून काढून टाकायची वेळ एकदोनदा आली होती. पण काही शिक्षिकांनी तिची बाजू धरली. १८८१ आणि १८८२ साली तिच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि तिला छापील अक्षर वाचण्याइतपत दिसू लागलं.

याच शाळेत लॉरा ब्रिजमन नावाची एक प्रौढ बाई राहत असे. तीही अंध आणि कर्णबधिर. शाळेचे पहिले प्रमुख डॉ. सॅम्युअल हाऊ यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी लॉराला शिकवलं होतं. चमचा, किल्ली अशा रोजच्या वस्तूंवर उठावाच्या अक्षरांची चिठ्ठी लावायची, तिने ती चाचपायची आणि नाव वस्तूशी जोडायचं, अशी त्यांची सुरुवात होती. पुढे लॉरा बोटांची बाराखडी शिकली. यात बोटांच्या वेगवेगळ्या ठेवणीने एकेक अक्षर समोरच्याच्या तळहातात उमटवायचं असतं. ॲन तिच्याशी याच बाराखडीत गप्पा मारू लागली.

१८८६ साली ॲन वर्गात पहिली येऊन उत्तीर्ण झाली. वय वीस. घर नाही, पैसा नाही, पुढे काय करायचं हा प्रश्न आ वासून उभा होता.

इकडे अलाबामात

त्याच वेळी दूर दक्षिणेत, अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावी एक कुटुंब वेगळ्याच काळजीत होतं. कॅप्टन आर्थर केलर आणि केट केलर यांची मुलगी हेलन २७ जून १८८० रोजी जन्मली. एकोणीस महिन्यांची असताना मोठा ताप आला. जीव वाचला, पण डोळे आणि कान दोन्ही गेले. मुलगी हुशार होती. साठेक खुणा तिने स्वतःच तयार केल्या होत्या. स्वयंपाकिणीच्या मुलीला त्या खुणा बऱ्यापैकी कळायच्या. पण मनातलं सगळं खुणेत मावत नसे. मग हेलन चिडायची, आदळआपट करायची. एकदा तिने आईलाच कोठीच्या खोलीत कोंडलं होतं.

पोर आंधळी-बहिरी, तिचं काय होणार, असं म्हणून गप्प बसणारे घरात-नात्यात कमी नव्हते. आईने मात्र चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकाच्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात लॉरा ब्रिजमनबद्दल वाचलं होतं. अशी एक मुलगी शिकली आहे, मग आपली का नाही, हे तिच्या मनाने घेतलं.

१८८६ मध्ये कॅप्टन केलर हेलनला बाल्टिमोरला डॉ. चिझोम या नामांकित डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, की नजर परत येणार नाही. पण तेवढं सांगून त्यांनी या लोकांना परत धाडलं नाही. ही मुलगी शिकू शकते, असं सांगून त्यांनी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा पत्ता दिला. टेलिफोनचा शोध लावणारे ते हेच बेल. त्यांची आई आणि बायको दोघींना ऐकू येत नसे, आणि कर्णबधिरांचं शिक्षण हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. बेल यांनी हेलनला मांडीवर घेतलं, तिच्या खुणा समजून घेतल्या आणि पर्किन्स शाळेला लिहा म्हणून सांगितलं. वडिलांनी लगेच पत्र टाकलं. शाळेचे तेव्हाचे प्रमुख मायकल ॲनाग्नोस यांनी आपली माजी विद्यार्थिनी ॲन सुलिव्हन हिचं नाव सुचवलं.

आई, डॉक्टर, संशोधक आणि शाळा. यातल्या एकाने जरी हात वर केले असते, तरी पुढचं काही घडलं नसतं.

घरच्यांशी पहिला झगडा

ॲनबाई लगेच निघाल्या नाहीत. कित्येक महिने त्यांनी डॉ. हाऊ यांच्या लॉराबद्दलच्या नोंदी वाचून काढल्या. ३ मार्च १८८७ रोजी त्या टस्कंबियाला पोचल्या. सोबत एक बाहुली होती. ती पर्किन्सच्या अंध मुलींनी भेट दिली होती आणि तिचे कपडे लॉराने शिवले होते. बाईंनी बाहुली हेलनच्या हाती दिली आणि तळहातावर बोटांनी त्या शब्दाची अक्षरं उमटवली. हेलनने नक्कल केली. पण हा खेळ आहे एवढंच तिला कळलं. प्रत्येक वस्तूला नाव असतं, हे अजून डोक्यात शिरायचं होतं.

त्याआधी दुसरंच संकट उभं राहिलं. हेलनने एके दिवशी बाईंना खोलीत कोंडून किल्ली लपवली. शेवटी कॅप्टनसाहेबांनी शिडी लावून त्यांना खिडकीतून उतरवलं. जेवणाच्या टेबलाभोवती फिरून ज्याच्या त्याच्या ताटात हात घालायची हेलनला सवय होती. कुणी अडवत नसे. बाईंनी अडवलं. घरचे सगळे उठून बाहेर गेले, बाईंनी दार लावून घेतलं आणि बराच वेळ झटापट चालली. शेवटी हेलन आपल्या ताटातलं चमच्याने जेवली आणि तिने रुमालाची घडीही घातली. बाई खोलीत जाऊन रडल्या.

घरच्यांना वाईट वाटत होतं. आधीच पोरीच्या नशिबी हे, वर शिस्त कशाला, असं त्यांचं मन म्हणायचं. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. हट्ट केला की सगळं मिळतं, हे जोवर हेलनला ठाऊक आहे, तोवर तिला शब्दांची गरजच भासणार नाही. त्यांनी आई-वडिलांशी बोलून एक तोड काढली. बागेतल्या एका छोट्या घरात दोघींनी दोन आठवडे राहायचं. आई-बापाने रोज येऊन बघावं, पण हेलनला कळू द्यायचं नाही.

हा निर्णय आई-वडिलांना किती जड गेला असेल, याची कल्पना कुणालाही येईल. वीस वर्षांची, अधू डोळ्यांची, परक्या मुलुखातली पोरगी, आणि तिच्या हाती आपलं लेकरू सोपवायचं. त्यांनी सोपवलं. थोड्याच दिवसांत हेलन शांत झाली, मणी ओवू लागली, विणू लागली. एकदा कॅप्टनसाहेब तिची आवडती कुत्री बेल हिला घेऊन आले. हेलनने कुत्रीला मिठी मारली, जवळ बसली आणि तिचा पंजा हातात घेऊन बाहुली या शब्दाची अक्षरं घडवायला लागली. आपल्याला शिकवलेलं ती कुत्रीला शिकवत होती.

दोन आठवडे संपल्यावर दोघी मोठ्या घरात परतल्या. घरी आल्यावर जुने लाड सुरू झाले तर सगळं पाण्यात जाईल, हे बाईंनी आई-वडिलांना स्पष्ट सांगितलं. मध्ये पडणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. पहिल्याच जेवणांत हेलनने सगळ्यांची परीक्षा घेतली. वडिलांचं मन वितळायचं, बाई ठाम राहायच्या, आणि आई बहुतेक वेळा बाईंच्या बाजूने उभी राहायची.

हापशावरची सकाळ

५ एप्रिल १८८७. पाण्याचा पेला आणि पाणी या दोन शब्दांत हेलनचा सारखा गोंधळ होत होता. वैतागून तिने बाहुली आपटून फोडली. बाईंनी तिला बाहेर हापशावर नेलं. कुणीतरी पाणी उपसत होतं. हेलनचा एक हात धारेखाली धरला आणि दुसऱ्या तळहातावर पाणी हा शब्द आधी हळू, मग भरभर लिहिला. हेलन एकदम थबकली. हातावरून वाहणाऱ्या त्या थंडगार वस्तूचं हे नाव आहे, हे तिला उमगलं. मग जमिनीचं नाव, हापशाचं नाव, आई, बाबा, बहीण, आणि समोर उभ्या बाईंना काय म्हणायचं, तेही तिने विचारून घेतलं. घरात आल्यावर फोडलेली बाहुली आठवली. तुकडे गोळा करून ती जोडायचा प्रयत्न करत राहिली. केलेल्या गोष्टीचं वाईट वाटण्याची तिची ती पहिलीच वेळ.

गोष्ट सांगणारे इथे थांबतात. पण खरं काम यानंतर सुरू झालं. हेलनच्या नात्यातलं पंधरा महिन्यांचं एक मूल बाईंच्या पाहण्यात आलं. त्याला कुणी धडे देत नव्हतं, तरी ते बोललेलं समजत होतं, कारण घरातले लोक दिवसभर त्याच्याशी बोलत होते. बाईंनी वेळापत्रकाचे धडे बंद केले आणि दिवसभर हेलनच्या हातात बोलू लागल्या. सुटे शब्द सोडून पूर्ण वाक्यं. रानात, झाडाखाली, टेनेसी नदीच्या काठी. तिथे दगड-मातीचे बांध, बेटं, तळी करता करता ती भूगोल शिकली.

हे एकट्या बाईंनी केलं असतं, तर बाई झोपल्या की हेलनचं जग बंद. म्हणून आईनेही बोटांची बाराखडी शिकून घेतली. आई आपल्या मुलीशी थेट बोलू लागली. मधल्या पाच वर्षांत जे तुटलं होतं, ते असं हळूहळू सांधलं गेलं.

बोलायला शिकवणारी दुसरी बाई

१८९० मध्ये हेलनला समजलं, की नॉर्वेतली एक अंध-कर्णबधिर मुलगी तोंडाने बोलायला शिकली आहे. मलाही बोलायचंय, असा तिने ध्यास घेतला. बोलणं शिकवण्याचं तंत्र ॲनबाईंना येत नव्हतं. त्यांनी ते ओढूनताणून केलं नाही. त्या हेलनला बॉस्टनच्या होरेस मॅन कर्णबधिर शाळेच्या प्रमुख सारा फुलर यांच्याकडे घेऊन गेल्या. आज ज्यांना आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो, त्यांच्या कामाशी जुळणारं ते काम. फुलरबाई हेलनचा हात आपल्या चेहऱ्यावर ठेवायच्या, जीभ-ओठ कुठे असतात ते चाचपू द्यायच्या आणि आवाज काढायच्या. असे अकरा धडे झाले.

अकरा धड्यांत कुणी बोलत नाही. पुढचा सराव ॲनबाईंनी घेतला, रोज, कित्येक वर्षं. हेलनचं बोलणं कधीच पूर्ण स्पष्ट झालं नाही. अनोळखी माणसाला ते कळायला जड जायचं. तज्ज्ञाने दिशा दाखवली, रोजची मेहनत घराने आणि शिक्षिकेने केली, तरी मर्यादा राहिली. हेही या गोष्टीतलं खरं आहे.

हात सुटले तेव्हा

सगळं गोडीगुलाबीने झालं असं मुळीच नाही. १८९१ मध्ये अकरा वर्षांच्या हेलनने एक गोष्ट लिहून ॲनाग्नोस यांना वाढदिवसाला भेट दिली. त्यांनी ती कौतुकाने छापली. मग लक्षात आलं, की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेची अगदी तशीच गोष्ट आधी छापलेली आहे. कुणीतरी ती कधीतरी हेलनच्या हातात वाचली असावी आणि ती नकळत मनात राहिली असावी. पर्किन्समध्ये चौकशी बसली. ॲनबाईंना खोलीबाहेर काढलं आणि लहान हेलनला मोठ्या माणसांसमोर एकटीला उलटसुलट प्रश्न विचारले गेले. तिने मुद्दाम चोरी केली असं ठरलं नाही, पण ती आतून हादरली. पुढे बराच काळ काही लिहायला घेतलं, की हे शब्द आपलेच आहेत ना, या शंकेने तिला घेरायचं. ॲनाग्नोस आणि ॲनबाई यांच्यातला विश्वासही गेला. ज्या शाळेने बाईंना घडवलं, तिच्याशी दुरावा आला.

दुसरा प्रसंग १८९७ चा. कॉलेजच्या तयारीसाठी हेलन केंब्रिजच्या एका मुलींच्या शाळेत होती. तिच्यासाठी बोटांची बाराखडी शिकणारे तिथे दोघंच होते, जर्मनच्या शिक्षिका आणि मुख्याध्यापक आर्थर गिलमन. बाकीचे सगळे तास ॲनबाई शेजारी बसून हेलनच्या हातात उतरवायच्या. गिलमन यांना वाटू लागलं, की बाई हेलनला फार राबवतात. हेलनला बाईंपासून वेगळं करावं, असं त्यांनी आईच्या मनात भरवलं. वडील वर्षभरापूर्वीच वारले होते. एकट्या आईवर सगळा भार. दोघींना दूर करण्याची वेळ आली.

आई स्वतः केंब्रिजला आल्या. मुलीला भेटल्या, तिचं ऐकलं, आणि बाई हेलनजवळच राहतील असा निर्णय दिला. हेलनने ती शाळा सोडली आणि खासगी शिक्षकाकडे तयारी केली. गिलमन यांची काळजी खोटीच होती असं म्हणता येत नाही. हेलनवर ताण होताच. पण मुलीला न विचारता, तिच्याशी सर्वांत जवळून बोलणाऱ्या व्यक्तीला बाजूला सारून ठरवलेलं तिच्या भल्याचं कसं होणार?

बाईंचे डोळे, हेलनची पदवी

१९०० मध्ये हेलन रॅडक्लिफ कॉलेजात गेली. मार्क ट्वेन या प्रसिद्ध लेखकाच्या शब्दावरून उद्योगपती हेन्री रॉजर्स यांनी खर्च उचलला. पण ब्रेलमध्ये पुस्तकं फार थोडी. वर्गातलं प्रत्येक व्याख्यान आणि ब्रेलमध्ये नसलेलं एकेक पुस्तक ॲनबाईंनी वाचून हेलनच्या हातात उतरवलं. डोळे आधीच अधू, ते आणखी बिघडत गेले. १९०४ मध्ये हेलन पदवीधर झाली. अंध-कर्णबधिर व्यक्तीला बी.ए. मिळण्याची ती पहिलीच वेळ. पदवी हेलनला मिळाली. सगळी व्याख्यानं तिच्यासोबत बसून ऐकलेल्या बाईंना कुठलीही पदवी नव्हती.

हेलनच्या आत्मचरित्राच्या संपादनात मदत करणाऱ्या जॉन मेसी यांनीही बोटांची बाराखडी शिकून घेतली होती. १९०५ मध्ये ॲनबाईंनी त्यांच्याशी लग्न केलं. काही वर्षांनी ते वेगळे झाले. १९१४ मध्ये पॉली थॉमसन ही स्कॉटलंडची तरुणी मदतीला आली, आणि बाईंचा भार पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाटला गेला. पुढे तिघी मिळून अमेरिकाभर हिंडल्या, अंधांसाठी निधी गोळा केला.

उतारवयात बाईंचा एक डोळा काढावा लागला, दुसऱ्याचीही नजर गेली. १९३२ मध्ये टेम्पल विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्या गेल्या. तेव्हा त्यांचा हात हेलनच्या हातात होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथेड्रलमध्ये त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. स्वतःच्या कर्तृत्वावर हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. पुढे पॉली आणि हेलन यांच्या अस्थीही तिथेच ठेवल्या गेल्या.

मुंबईपर्यंत आलेला धागा

१९५५ मध्ये पंचाहत्तरीकडे झुकलेली हेलन केलर पॉलीसोबत भारतात आली होती, मुंबईलाही आली होती. त्याच वर्षी तिने आपल्या बाईंवर लिहिलेलं पुस्तक प्रसिद्ध झालं. १९७७ साली मुंबईत अंध-कर्णबधिर मुलांसाठी तिच्याच नावाची संस्था सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे, आणि अंध-कर्णबधिरत्वाचाही त्यात समावेश आहे.

आज अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला आरोग्य पथक येतं, जिल्हा पातळीवर लवकर निदान आणि उपचाराची केंद्रं आहेत, शाळांसाठी विशेष शिक्षक नेमले जातात. केलर कुटुंबाला बाल्टिमोर, वॉशिंग्टन, बॉस्टन अशी जी साखळी स्वतः शोधावी लागली, तिच्या काही कड्या आता जिल्ह्यातच आहेत. त्या जोडायचं काम मात्र आजही माणसांनाच करावं लागतं. डॉक्टरांनी पुढचा पत्ता द्यायचा, शिक्षकांनी घरच्यांशी बोलायचं, थेरपीत शिकवलेला सराव घरी रोज घ्यायचा, आणि केट केलरसारखं आई-बापांनी आपल्या लेकराची भाषा स्वतः शिकून घ्यायची.